"आईने थोडं सोसलं तर..." थोडं म्हणजे किती?

उंबरठा
'नवी पहाट' यांचा कालचा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: स्पायना बायफिडा (बाळाचा मणका नीट न मिटून पाठीत मज्जारज्जू उघडा राहतो) असेल तर त्याची शस्त्रक्रिया आता बाळ पोटात असतानाच होते, निकाल इतके उत्तम की अमेरिकेतली चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि (इथे माझं डोकं फिरलं) "आईने थोडं सोसलं तर मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं, तरी काही जणी घाबरून नकार देतात हे दुर्दैव."

त्या काही जणींपैकी मी एक. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे.

तर 'थोडं' म्हणजे काय ते ऐका. २६ आठवड्यांच्या आत आईचं पोट उघडायचं, गर्भाशय कापायचं, बाळाची पाठ त्या फटीसमोर आणून शिवायची, मग सगळं परत बंद करायचं. कळा सुरू होऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं ड्रिप. नंतर प्रसूतीपर्यंत रुग्णालयाच्या आसपासच मुक्काम. हे बाळ सिझेरियननेच, आणि पुढे कधी दुसरं झालं तर तेही. २०११ साली छापून आलेल्या त्याच मॉम्स चाचणीत पोटात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के बाळं ३७ आठवड्यांच्या आधी जन्मली. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत १५ टक्के. आणि साधारण एक तृतीयांश बायकांच्या गर्भाशयाची शिवण प्रसूतीच्या वेळी पातळ झालेली किंवा सुटत आलेली सापडली.

फायदा मी नाकारत नाही. मेंदूतलं पाणी काढायला शंट (आत बसवलेली नळी) लागण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून ४० वर आलं. अडीच वर्षांचं असताना आधाराशिवाय चालणारी मुलं २१ ऐवजी ४२ टक्के. म्हणजे दुप्पट. पण म्हणजेच ५८ टक्के नाही चालली. "उभं राहतं" हे तुम्ही कुठून आणलंत?

माझ्या वेळी खोलीत पाच जण होते आणि सोनोग्राफीच्या पडद्याची पाठ माझ्याकडे. मी विचारलं, माझ्या पिशवीचं काय होईल? उत्तर आलं बाळाच्या पायांबद्दल. पुन्हा विचारलं. पुन्हा पाय. घरी साडेतीन वर्षांची मुलगी होती. मी नाही म्हणाले. घाबरून नाही, ऐकून घेऊन.

नवी पहाट
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण लेख तुमच्यावर नव्हता. मुद्दा विज्ञानाचा होता. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती न मिटणं हा फक्त पहिला घाव. मज्जारज्जू उघडा राहतो, त्याला महिनोन् महिने गर्भजल लागत राहतं, तो दुसरा. पहिला आपल्या हातात नाही, दुसरा थांबवता येतो. मेंढ्यांच्या गर्भात हे १९९५ च्या सुमारास दाखवून झालंय. शिवाय पाठ बंद झाली की पाणी गळायचं थांबतं आणि खाली ओढला गेलेला मागचा मेंदू वर सरकतो, शंट टळतात ते त्यामुळेच. जन्माची वाट बघत बसणं म्हणजे घर जळताना बादली दुसऱ्या दिवशी आणण्यासारखं.

१९८१ मध्ये अमेरिकेतले सर्जन हॅरिसन यांनी गर्भाशय उघडून पहिली शस्त्रक्रिया केली तेव्हा सगळे असेच हिशेब मांडत बसले असते तर आज काहीच नसतं. आता दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतूनही करतात, तो शिवणीचा प्रश्नही कमी होतोय.

उंबरठा
आग लागलेलं घर कोणाचं, तेवढं लिहायचं राहिलं.

निवांत
मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही!! नळी मिटते गर्भधारणेनंतर २८ दिवसांत, बाईला दिवस गेल्याचं कळेपर्यंत खेळ संपलेला असतो. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम, रोज, *आधीपासून*. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत, आधी असं मूल झालेल्या बायकांना मोठा डोस दिल्यावर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. एक साधी गोळी. पण गोळीत ना थरार, ना मथळा. मी वीस वर्षं हेच सांगतोय, कोणी ऐकत नाही.

उंबरठा
काका, गोळी मी तीन महिने आधीपासून घेत होते. ७२ म्हणजे १०० नव्हे. आकडा तुमचाच आहे.

निवांत
अपवाद असतात. मी सर्वसाधारण बोललो.

खडूफळा
एक दुरुस्ती. "उत्तम म्हणून थांबवली" हे खरं, पण त्याचा अर्थ लेखात घेतलाय तेवढा सरळ नाही. २०० बायका घ्यायच्या होत्या, १८३ वर थांबले. मध्येच थांबवलेल्या चाचणीत फायदा असतो त्यापेक्षा थोडा फुगलेला दिसू शकतो. तरी मी त्या चाचणीला सलाम करतो, कारण ती चालू असेपर्यंत तिथल्या इतर केंद्रांनी ही शस्त्रक्रिया चाचणीबाहेर करायची नाही असं आपापसात ठरवलं आणि पाळलं. म्हणून तर निकाल लागला.

तिसरी घंटा
सलाम?? २००३ ते २०१०, एवढी वर्षं बाकीची दारं बंद, आत यायचं तर चिठ्ठी काढा. चिठ्ठीत 'नंतर' (जन्मानंतर शस्त्रक्रिया) आलं की बायकांना घरी पाठवायचं, ३७ व्या आठवड्यात परत या. ८२ टक्क्यांत कोण पडणार हे चिठ्ठीने ठरवायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

माझ्या बहिणीच्या बाळाच्या श्वासपटलाला भोक होतं, आतडी छातीत चढलेली, फुप्फुसं वाढायला जागाच नाही. फुप्फुसं वाढावीत म्हणून पोटातल्या बाळाच्या श्वासनलिकेत फुगा बसवण्याची एक चाचणी चालू होती. कुठली, कुठे, ते लिहीत नाही. नर्सने बटण दाबलं, संगणकाने गट सांगितला: 'थांबून पाहू'. बहीण म्हणाली, परत एकदा दाबून बघा ना. ती नर्स उठून बाहेर गेली. बाळ अकरा तास जगलं. मला कोणी आकडेवारी शिकवू नका.

खडूफळा
बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. पण चिठ्ठी का लागते त्याचं उदाहरण नेमकं हाच फुगा आहे. २००३ साली हॅरिसन यांच्याच गटाने त्याची चाचणी छापली. फायदा होणार याची खात्री वाटावी अशीच परिस्थिती होती. २४ बायका झाल्या आणि थांबवावी लागली. फुगावाली ११ पैकी ८ बाळं जगली, नुसती नीट काळजी घेतलेली १३ पैकी १०. चिठ्ठी नसती तर "११ पैकी ८ वाचवली" म्हणून गाजावाजा झाला असता.

तिसरी घंटा
'पण'च्या आधीचं वाक्य लिहायचे कष्ट कशाला घेतलेत?

आणि पुढचं का लपवलंत? २०२१ ला युरोपातल्या गटाने पुढची चाचणी छापली ना? आजार गंभीर असताना फुग्याने ४० टक्के जगली, फुग्याविना १५. मग ज्यांच्या नशिबी १५ वाला गट आला त्यांना काय सांगायचं, तुमच्यामुळे ज्ञान वाढलं?

खडूफळा
लपवलं नाही, तिकडेच येत होतो. गंभीर आजारात फायदा झाला, मान्य. त्याच फुग्याची मध्यम आजारातली चाचणी त्याच वर्षी आली. फुग्याने ६३ टक्के जगली, फुग्याविना ५०, आणि हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका पक्का निघाला नाही. फुगा साधारण ३४ व्या आठवड्यात काढावा लागतो, बाळ त्याआधीच आलं तर धावपळ. गंभीर गटात एक बाळ केवळ फुगा निघेना म्हणून गेलं. हेही त्याच कागदावर आहे.

तिसरी घंटा
६३ वजा ५० म्हणजे शंभरात तेरा बाळं. तुमच्या भाषेत 'पक्कं नाही'. आमच्या भाषेत त्यांना नाव ठेवतात.

खडूफळा
तेरा *असू शकतात*. शून्यही असू शकतात. हे मला लिहायला आवडतं असं वाटतंय का तुम्हाला?

...बरं. एवढं मान्य करतो की 'सलाम' हा शब्द तुमच्यासमोर वापरायला नको होता. चिठ्ठीबद्दल मत तेच.

नवी पहाट
चिठ्ठीवरून एवढं रण कशाला? जुळ्यांमध्ये एकाचं रक्त दुसऱ्याकडे जातं, त्या जोडणाऱ्या रक्तवाहिन्या लेझरने बंद करण्याची चाचणी, २००४. निदान एक तरी बाळ २८ दिवस जगण्याचं प्रमाण लेझरने ७६ टक्के, नुसतं जास्तीचं गर्भजल काढून ५६. तीही चिठ्ठीनेच झाली, मध्येच थांबली आणि लेझर रुळली. म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध होतं.

चाकावरून
दोन दिवस गप्प वाचतेय. वय ३४, स्पायना बायफिडा, व्हीलचेअर. कानामागे शंटची गाठ हाताला लागते, सकाळी दोनदा उलटी झाली की आई अजूनही ती चाचपून बघते. लेखात सात वेळा 'दोष' आणि चार वेळा 'शाप' आहे. मोजलेत. मी कोणाचा शाप आहे म्हणे?

आणि सगळं घोडं पायांवरच का अडतं? पाय नसले तर चाकं आहेत. शाळेत माझं आयुष्य नासवलं ते लघवीने. दर चार तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी), आणि संडासाच्या दाराची कडी लागत नाही. त्या चाचणीत ३० महिन्यांच्या मुलांत कॅथेटर लागण्यात फरक दिसला नव्हता. ते का नाही आलं लेखात? कारण लघवीला मथळा नसतो, निवांत काकांच्या गोळीसारखाच.

नवी पहाट
शब्दांबद्दल क्षमस्व. पण अर्धवट आकडा तुम्हीही देताय. तीच मुलं शाळकरी वयाची झाल्यावर पुन्हा तपासली. पोटात शस्त्रक्रिया झालेल्यांत कॅथेटर लागणारी ६२ टक्के, नंतर झालेल्यांत ८७.

चाकावरून
हे मला माहीत नव्हतं. चला, दोन दिवसांत एक कामाचं वाक्य लिहिलंत. मूळ लेखात हेच टाकलं असतंत तर मी भांडायला आलेच नसते.

तरी मला त्या ६२ मधल्या मुलांच्या शाळेच्या कडीची काळजी जास्त आहे.

नवी पहाट
ठीक आहे. 'शाप' काढतोय. "थोडं सोसलं" आणि "घाबरून"ही काढतोय, आईच्या जोखमीचे आकडे घालतोय. शस्त्रक्रिया योग्य आईला मिळायलाच हवी या मतावर ठाम आहे. खूश?

तिसरी घंटा
'योग्य आई'!

नवी पहाट
वैद्यकीयदृष्ट्या योग्य हो! चाचणीत ३५ च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) असलेल्या बायका घेतच नव्हते, त्या अर्थाने. आता श्वास घ्यायलाही परवानगी काढू का?

उंबरठा
काढलंत ते बघितलं. आभार. मिळायला हवी हे मीही कधी नाकारलं नव्हतं. माझी मुलगी उद्या या खोलीत बसली आणि हो म्हणाली, तर मी तिच्याबरोबर मुक्कामाला जाईन. फक्त तिथला पडदा आधी तिच्याकडे वळवेन.

चाकावरून, कडीचं तुम्ही लिहिलंत आणि मी इथेच माझ्या मुलाला विचारलं. म्हणाला, "आमच्याकडची पण तुटलीये, मी बॅग लावून ठेवतो." मला आज कळतंय. चार वाजले, त्याची वेळ झाली. उद्या शाळेत जाऊन येते, मग बोलू.