‘मादाम द्यूबारी’ (१९१९): राजाच्या बाईला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
आईला मोतीबिंदूमुळे पडद्यावरची अक्षरं लागत नाहीत, म्हणून मूकपट लावला की पाट्या मीच मराठीत वाचून दाखवते. सध्या दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचचा ‘मादाम द्यूबारी’ चाललाय. टोप्यांच्या दुकानातली झान (पोला नेग्री) अंगातल्या फिती एकेक मोजत आज कुणाकडे जायचं ते ठरवते, तिथे आई खुदकन हसली. पुढे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई (एमिल यानिंग्ज) आला आणि मी अडले. ‘रखेल’ म्हणायला जीभ रेटेना. व्हर्सायला, म्हणजे त्याच्या राजवाड्यात, तो उघड, मानाचा दर्जा होता. १७६९ साली दरबारात झानची रीतसर ओळख करून दिली, आणि त्याआधी तिचं द्यूबारी घराण्यात नावापुरतं लग्न लावावं लागलं. एवढं पेलणारा शब्द आहे का आपल्याकडे?

उत्तर १
पेशवाईत ‘नाटकशाळा’ म्हणत. वाड्यात ठेवलेल्या बाईसाठी हाच शब्द होता. पण आज ऐकणाऱ्याला थिएटरच वाटेल. ‘अंगवस्त्र’ तर मुळीच नको, त्यात बाई माणूस उरतच नाही.

उत्तर २
शब्द कुठलाही घ्या, आईंना मधली वर्षं मात्र सांगा. लुई १७७४ मध्ये देवीने गेला आणि झानला गिलोटिनवर (शिरच्छेदाच्या यंत्रावर) चढवलं ८ डिसेंबर १७९३ ला. ही १९ वर्षं लुबिच गिळून टाकतो, राजा गेला की फ्रेंच राज्यक्रांती दारातच. इतिहास म्हणून चूक, पण मला ते पटतं. बर्लिनमध्ये हा पट सप्टेंबर १९१९ मध्ये लागला तेव्हा जर्मन सम्राट कैसरची गादी जाऊन वर्षही झालं नव्हतं. रस्त्यावर उतरलेली गर्दी त्या प्रेक्षकांनी स्वतःच्या शहरात पाहिली होती. म्हणून ती दृश्यं इतकी अंगावर येतात.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल आईलाच विचारलं. म्हणाली, “मस्तानीला आपण मस्तानीच म्हणतो ना? मग हिला झानबाई म्हण की.” तेच ठरलं. राजा स्वतः तिच्या नखांची निगा राखतो, तो प्रसंग तिने दोनदा लावायला सांगितला. दिसतं अंधुकच, पण माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. आता राजाचं आजारपण उरलंय. देवी म्हटल्यावर तिने हात जोडले, म्हणून तिथेच थांबवलं. उरलेला भाग रविवारी.