फोनमधलं लायसन पोलिसांना चालतं का? (इचलकरंजी ते गोवा, घरची गाडी)

सूतगुंडी:
नमस्कार. मे महिन्यात आम्ही घरची गाडी घेऊन गोव्याला निघतोय. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. गाडी मी आणि हे आलटूनपालटून चालवणार. सासरे म्हणतात, घाट सोडून थोडी मीपण घेतो.

ह्यांच्या लायसनचा प्रश्न नाही. माझं २००९ चं, सांगली आरटीओचं, माहेरच्या नावाचं. कार्ड आहे, पण वरचा फोटो इतका पुसलाय की बाई आहे का बुवा तेही कळत नाही. आधार सासरच्या नावाचं. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये लायसन आणायला गेले तर नाव जुळत नाही म्हणून येईना. भाचा म्हणाला, मामी, कार्डाचा फोटो काढून डिजिलॉकरमध्येच अपलोड कर, तेच ते. केला. दिसतोय छान, पण मन मानत नाही. सासऱ्यांचं तर जुनं पुस्तकी लायसन आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. कुणी अडवलं तर हे चालेल का? मला हुज्जत घालता येत नाही, आणि पोरांसमोर तर नकोच.

घनसाळ:
बिनधास्त जावा ताई. मी पाकीटच बाळगत नाही, सगळं मोबाईलमध्ये. सहकुटुंब गाडीला सहसा कोण हात करत नाही.

क्लचब्रेक मास्तर:
घनसाळभाऊ, तुमच्या मोबाईलमध्ये जे आहे ते आणि ताईंनी जे चढवलंय ते एक नव्हे. कोल्हापुरात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, हा घोळ रोज बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एक 'इश्यूड'चा. तिथं येणारं लायसन थेट परिवहन खात्याच्या 'सारथी' नोंदीतून येतं. दुसरा कप्पा आपण आपल्या हातानं चढवलेल्या कागदांचा. तिथं तुम्ही लायसन ठेवा नाहीतर लग्नपत्रिका ठेवा, डिजिलॉकर काही विचारत नाही. कायद्यानं मूळ कागदाची बरोबरी मिळालीय ती पहिल्या कप्प्यातल्या कागदांना. २०१७ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमात तशी दुरुस्ती झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रानं सगळ्या राज्यांना कळवलं की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन (परिवहन खात्याचं ॲप) यांतलं लायसन आणि आरसी ग्राह्य धरा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोटार वाहन नियमांतल्या १३९ क्रमांकाच्या नियमातच लिहिलं गेलं की कागद छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कुठल्याही रूपात दाखवले तरी चालतील. केंद्राचा नियम आहे, त्यामुळं बांद्याच्या पुढं गोव्यातही तोच.

भाच्यानं चढवलेला फोटो मात्र फोटोच. कागलजवळ माझ्या एका विद्यार्थ्याला अडवलं, मी शेजारच्या सीटवर होतो. त्यानं गॅलरीतला फोटो पुढं केला. हवालदार म्हणाले, "माझ्या पण मोबाईलमध्ये नातवाचा फोटो आहे, पोलिसाची टोपी घातलेला. त्याला लावू का ड्युटी?" मग त्यांनी हातातल्या ई-चलनच्या मशीनवर त्याचा लायसन नंबर टाकला, स्क्रीनवर नाव आलं, मुदत आली, वर्ग आला. सोडलं. त्यांना चित्राशी काही देणंघेणं नसतं, नोंद सापडली पाहिजे.

म्हणून ताई, आधी तुमची नोंद सारथीत आहे का ते बघा. परिवहनच्या साईटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की कळतं. नंबर टाकताना गंमत होते. जुन्या कार्डावर मधे रेघा, तिरप्या रेघा, मोकळ्या जागा असतात, त्या सगळ्या काढायच्या. एमएच१०, मग साल चार आकडी, मग पुढचा क्रमांक सात आकडी. आकडे कमी पडले तर क्रमांकाच्या आधी शून्यं लावायची. निम्मी माणसं इथंच अडकतात आणि सरकारला शिव्या घालतात. नोंदच निघाली नाही तर आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसनची संगणकात नोंद, करून घ्यावी लागते.

नोंद असली तर एमपरिवहनमध्ये करून बघा. तिथं नंबर आणि जन्मतारखेवर काम होतं, आधारच्या नावाशी मेळ बसवायची कटकट नाही. लायसन आलं की खाली क्यूआर कोड दिसेल. कायमचा इलाज म्हणाल तर लायसनवरचं नाव बदलून घ्या, अर्ज सारथीवर ऑनलाईन होतो, विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा. मेच्या आत होईल याची हमी मी देणार नाही. तोवर पुसलेलं का असेना, ते कार्ड पर्समध्ये असू द्या. त्यावरचा नंबर वाचता येतोय ना? मग झालं.

निवांत पेन्शनर:
मास्तरांचं सगळं मान्य. पण मी अजूनही कार्ड बाळगतो आणि बाळगणार. आंबोली घाटात रेंज जाते, दिवसभर मॅप लावून बॅटरी संपते, आणि ऐन वेळी ॲप म्हणतं अपडेट करा. शिवाय दाखवायला म्हणून मोबाईल दिला आणि त्यांनी तोच ठेवून घेतला तर? कार्ड गेलं तर दुसरं काढता येतं. माझ्या मोबाईलमध्ये सगळी बँक आहे.

क्लचब्रेक मास्तर:
रेंजचं खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर ॲप उघडून लायसनची पीडीएफ उतरवून घ्यायची. मोबाईल ठेवून घ्यायचं मात्र कारण नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमच असा आहे की कागद ऑनलाईन पडताळता आले तर छापील मागायचे नाहीत, आणि लायसन जप्त करण्यासारखा गुन्हा असला तरी ती जप्तीसुद्धा पोर्टलवर नोंदवायची. म्हणजे स्क्रीन दाखवायची, नंबर वाचून द्यायचा, मोबाईल आपल्याच हातात. नम्रपणे सांगितलं की ऐकतात हो. आवाज चढवला की मग तेही डिकी उघडायला लावतात.

लीस्टरची सून:
पेन्शनरकाकांच्या बाजूने एक मत. परदेशात येणार असाल तर कार्ड हवंच. इथे ब्रिटनमध्ये भारतातल्या लायसनवर पहिले बारा महिने गाडी चालवता येते, पण भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर डिजिलॉकर दाखवलं तर समोरची मुलगी नुसतं गोड हसते. आमच्या दिरांचं झालंय. आंतरराष्ट्रीय परमिटही आरटीओतून कागदी पुस्तिका म्हणूनच मिळतं, वर्षभराचं. इथल्या सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये मोबाईलमधल्या लायसनची घोषणा केली आहे, त्यामुळे हेही येतीलच आपल्या रांगेत.

म्हापशाचो:
ताई, गोंयात या, कोण खाणार नाही तुम्हाला. एमएचची पाटी बघून थांबवतात अशी बोंब असते. थांबवतात कधी कधी, पण एमपरिवहन दाखवलं की बघून जाऊ देतात, मी हे हद्दीवर पत्रादेवीला बघितलंय. खरी अडचण येते ती तिथे पोचल्यावर पोरं स्कूटर भाड्याने मागतात तेव्हा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, तीच परवान्याची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर ती भाड्याने देणं बेकायदा आहे, मग तुमचं लायसन कितीही खरं असो, रस्त्यात उभं राहावं लागेल ते तुम्हालाच. आणि चालवणाऱ्याच्या लायसनवर दुचाकीचा वर्ग आहे का ते बघा. नुसत्या कारच्या लायसनवर पर्यटक ॲक्टिव्हा पळवत असतात.

आणखी एक, एमपरिवहन प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर 'तुमच्या गाडीचं चलन' म्हणून एपीके (ॲप बसवायची) फाइल येते, नाव अगदी आरटीओसारखं. ती उघडलात की बँकेतले पैसे गेलेच म्हणून समजा.

सूतगुंडी:
सगळ्यांचे आभार. शून्यं लावल्यावर नोंद निघाली! २०२९ पर्यंत मुदत आहे. एमपरिवहनमध्ये पण आलं. फोटो सतरा वर्षांपूर्वीच्या वेणीतला आहे, पोरं हसून हसून लोळली. भाच्याचा अपलोड काढून टाकला. नाव बदलायचा अर्ज गोव्याहून आल्यावर करते. राहिलं सासऱ्यांचं पुस्तक. त्यांचा नंबर टाकला तर काहीच निघत नाही. बॅकलॉग एंट्री मेच्या आत होईल का?

क्लचब्रेक मास्तर:
एंट्रीचं नंतर. आधी ते पुस्तक पिशवीतून काढा आणि शेवटचं नूतनीकरण कधीचं ते वाचा. अलीकडे नूतनीकरण केलं असतं तर हातात कार्ड आलं असतं, अजून पुस्तकच आहे म्हणजे मला शंका येते. पंचावन्नच्या पुढं लायसन पाच पाच वर्षांचंच मिळतं.

सूतगुंडी:
मास्तर, कसं ओळखलंत! २०१४ ला संपलंय. ते म्हणतात, "मला कधी कुणी अडवलं नाही."

क्लचब्रेक मास्तर:
अडवलं नाही हे नशीब. मुदत संपून एक वर्ष उलटलं की नुसत्या नूतनीकरणावर भागत नाही, परत चाचणी द्यावी लागते, आणि त्यांच्या वयाला डॉक्टरांचा दाखला पण लागतो. लायसन नसताना चालवली तर दंड पाच हजार, आणि त्या दिवशी काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला बघणार. या खेपेला त्यांना पुढच्या सीटवर बसवा, रस्ता सांगायचं काम द्या. आल्यावर माझ्याकडे पाठवा, पैसे नको. जुन्या माणसांचा क्लचवरचा पाय आजच्या पोरांपेक्षा चांगला असतो, रिव्हर्सला मात्र मान वळत नाही, तेवढी तयारी करून घेऊ.

बरं, ह्या सगळ्यात गाडीची पीयूसी बघितलीत का? लोक लायसनसाठी इतकी धावपळ करतात आणि पावती फाटते ती पीयूसीची.

सूतगुंडी:
बघते. हे म्हणतात डॅशबोर्डच्या खणात आहे. खणात सर्व्हिसिंगची बिलं आणि खोबरेल तेलाची बाटली निघाली.