चिरेबंदी घराची संपूर्ण दुरुस्ती: गिलावा सिमेंटचा की चुन्याचा?

राजांगण_फोंडा:
नमस्कार. गोव्यातील फोंडा तालुक्यात असलेले आमचे वडिलोपार्जित राजांगणाचे (मधोमध मोकळा चौक असलेले) घर पूर्णपणे दुरुस्त करून घ्यायचे आहे. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या असून छप्पर मंगळुरी कौलांचे आहे. जुना गिलावा खरवडून सिमेंटचा करावा, त्यावर पुट्टी व भारीतला प्लास्टिक पेंट द्यावा आणि तांबडी जमीन (रेड ऑक्साइडची घोटीव फरशी) उखडून इटालियन संगमरवर बसवावा, असे कंत्राटदार सुचवतात. भिंतींना खालून दोन-अडीच फुटांपर्यंत ओल आहे. खर्चाची तयारी आहे, पण तो योग्य जागी होईल का?

चुनेवाला:
ओलसर चिऱ्यावर सिमेंट मुळीच चढवू नये. जांभा सच्छिद्र असतो. तो जमिनीतली ओल शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट ही वाट अडवतात, त्यामुळे ओल आणखी वर चढते, भिंतीवर क्षारांचे पांढरे थर फुलतात आणि महागड्या रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात, हे लक्षात घेतले तर भिंतीला सुकू देणे किती गरजेचे आहे ते समजेल. उंची काम हवेच असेल तर नीट मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, पातळ थर आणि शेवटचा थर घोटून घेणारा गवंडी यांवर पैसे घाला. असा गवंडी शोधणे हेच खरे अवघड काम आहे. वायरिंगच्या खाचा मात्र गिलाव्याआधीच मारून घ्याव्यात.

कौलारू:
वरील मताशी सहमत आहे, परंतु सुरुवात छपरापासून करावी. वाशांची जी टोके भिंतीत बसलेली असतात, तिथे अणकुचीदार खिळा टोचून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे. मधला भाग धडधाकट दिसतो म्हणून अनेक जण इथेच फसतात. जमिनीबाबत सांगायचे तर, ओल असताना पांढऱ्या संगमरवरावर पिवळट डाग पडतात, आणि दाट फरशीखाली कोंडलेली ओल शेवटी भिंतीकडेच वळते. तांबडी जमीन शाबूत असेल तर भेगा भरून पॉलिश करून घ्यावी; माझ्या दृष्टीने ती संगमरवराहून देखणी दिसते.

सहवारस:
घर अविभक्त असेल, तर सर्व वारसांची आणि त्यांच्या पती-पत्नींची लेखी संमती आधी घ्यावी. गोव्याच्या नागरी कायद्यात जोडीदाराचा हिस्सा धरला जातो. पंचायतीच्या परवान्याचीही चौकशी कौले उतरवण्यापूर्वीच करावी.