कॅनन १५००डी घेतला. कंपनीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकू का?

चोपडेकर
राम राम मंडळी. १५००डी कॅमेरा घेतला आहे, १८-५५ लेन्ससह. खोक्यात सीडी नाही, नुसता कागद. त्यावर लिहिलंय, सॉफ्टवेअर वेबसाइटवरून उतरवून घ्या. तिथे ईओएस युटिलिटी, डिजिटल फोटो प्रोफेशनल, पिक्चर स्टाइल एडिटर अशी यादीच आहे. लॅपटॉपवर विंडोज १०, रॅम ४ जीबी, सी ड्राइव्हमध्ये जेमतेम २० जीबी जागा. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोज दीड जीबी. हतनूर धरणावरचे पक्षी आणि घरची लग्नकार्यं, एवढंच काढायचं आहे. हे सगळं टाकावंच लागतं का? नाही टाकलं तर फोटो लॅपटॉपवर येणार नाहीत का?

तापीकाठ
येतील की. फोटो उतरवायला कंपनीचं काहीच लागत नाही. कार्ड काढून रीडरमध्ये घाला, डीसीआयएम फोल्डर उघडा, आत १००कॅनन नावाचं फोल्डर असेल ते सगळं कॉपी करा. केबलनेही जमतं, फक्त कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा वेगळा ड्राइव्ह म्हणून दिसत नाही, ‘धिस पीसी’मध्ये पोर्टेबल डिव्हाइस म्हणून दिसतो. कॉपी चालू असताना बॅटरी संपली की काम अर्धवट राहतं. शिवाय या कॅमेऱ्याला जुनी मिनी यूएसबी पिन लागते, मोबाइलची केबल बसत नाही. त्यापेक्षा कार्ड रीडर बरा.

आता यादीबद्दल. पिक्चर स्टाइल एडिटर सोडून द्या. ईओएस युटिलिटी कॅमेरा केबलने जोडून लॅपटॉपवरून क्लिक करायला आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ लॅपटॉपशी जुळवणं, ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणं ही कामंही त्यातून होतात. यातलं काही करायचं नसेल तर ते नुसतं पडून राहील, आणि कॅमेरा जोडला की त्याची खिडकी उघडत राहील.

डिजिटल फोटो प्रोफेशनल, म्हणजे डीपीपी, ही एकच गोष्ट कामाची आहे. तीही रॉ काढणार असाल तरच. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने जेपीईजी न बनवता ठेवलेली कच्ची फाइल, तिचे रंग-उजेड नंतर डीपीपीत ठरवता येतात.

मांडवाचा_रंग
तापीकाठभाऊ बरोबर. पण लग्नाचे फोटो काढणार म्हणताय तर रॉ काढाच भो. लाल शालू आणि हळद, दोन्ही जेपीईजीत मार खातात. कॅमेऱ्याच्या ‘स्टँडर्ड’ पिक्चर स्टाइलमध्ये, म्हणजे रंगांच्या तयार ठेवणीत, लाल रंग पार भरून जातो, जरीकाम आणि घड्या दिसेनाशा होतात, नुसता लाल डाग उरतो. साध्या ब्राइटनेसच्या आलेखात हे कळत नाही, कॅमेऱ्यावर आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) लावून लाल उजव्या भिंतीला टेकतोय का बघा.

रॉ असेल तर डीपीपीमध्ये पिक्चर स्टाइल ‘फेथफुल’ किंवा ‘न्यूट्रल’ करा, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) एक घर खाली आणा, ब्राइटनेस थोडा उतरवा. बहुतेक वेळा जरीकाम परत दिसतं. कॅमेऱ्यात ज्या स्टाइली आहेत त्याच इथे मिळतात, म्हणून कॅननच्या रॉवर कॅननचाच रंग हवा असेल तर डीपीपीसारखं सोपं दुसरं नाही. रंगीत कापडाच्या मांडवात चेहरे पिवळे-लाल पडतात. तेव्हा डीपीपीतला व्हाइट बॅलन्सचा (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवण्याचा) ड्रॉपर घेऊन राखाडी किंवा सावलीतल्या पांढऱ्या जागेवर क्लिक करा. उन्हात जळून गेलेल्या पांढऱ्या धोतरावर करू नका, तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते.

धुळे_एक्सपोजर
डीपीपीचं इतकं कौतुक कशाला? डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत आणि बहुतेक कंपन्यांचा रॉ उघडतात. उद्या निकॉन घेतला तर डीपीपी कचऱ्यात. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, प्रत्येकाचं आपापलंच.

मात्र एक अपवाद. कुणाकडे एव्हीसीएचडी नावाच्या प्रकारात व्हिडिओ साठवणारा जुना सोनी किंवा पॅनासॉनिक असेल, तर आतल्या एमटीएस फाइली सुट्या उचलू नका. लांब चित्रीकरणाचे तुकडे पडलेले असतात आणि ते नीट जोडायला सोबतचं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. निदान कार्डावरचं ‘प्रायव्हेट’ फोल्डर आख्खं कॉपी करून ठेवा. १५००डीची व्हिडिओ फाइलही ४ जीबी झाली की कॅमेरा नवी सुरू करतो, पण ती कुठल्याही एडिटरमध्ये एकामागे एक लावता येते.

तापीकाठ
डार्कटेबल चांगलंच आहे, पण नवख्या माणसाला ते पहिल्या दिवशी घाबरवतं. ४ जीबी रॅमवर तेही सुखाने चालत नाही. डीपीपीही रेंगाळेल, पण ब्राउझर बंद ठेवला तर काम होईल.

चोपडेकर
समजलं. मग नुसतं डीपीपी टाकतो. कसं टाकायचं? आणि रॉ फाइलींचे फोटो विंडोजमध्ये दिसतच नाहीत, फक्त कोरी चौकट येते, ते काय?

तापीकाठ
कॅननच्याच साइटवर मॉडेल निवडा आणि डीपीपी एकटंच उतरवा. सिरियल नंबर विचारला तर तो कॅमेऱ्याच्या बुडाशी आहे. ‘फ्री डाउनलोड’वाल्या भलत्या साइटींवरून घेऊ नका. इंग्रजी व्हिडिओंत २०००डी किंवा रेबेल टी७ म्हणतात तो हाच कॅमेरा, गोंधळू नका. झिप आधी उघडून बाहेर काढा, मग सेटअप चालवा. झिपच्या आतूनच चालवलं की कधी कधी अडतं.

कोऱ्या चौकटीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘रॉ इमेज एक्स्टेन्शन’ घ्या, फुकट आहे. फास्टस्टोनसारखा छोटा व्ह्यूअरही चालेल.

एक रॉ साधारण २५-३० एमबीची. हतनूरला बदकांच्या थव्यावर सलग शटर दाबलंत तर तुमची २० जीबी बघता बघता भरेल. फोटो डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

मांडवाचा_रंग
एक राहिलं. डीपीपीत केलेले बदल सेव्ह केले की ते त्याच सीआर२ फाइलमध्ये (कॅननची रॉ) लिहिले जातात. मूळ चित्र बिघडत नाही, कधीही मागे जाता येतं, पण फाइल बदललेली असते. म्हणून आधी एक प्रत बाजूला काढा आणि मगच हात लावा. हे बदल लाइटरूम किंवा डार्कटेबलला दिसत नाहीत. दुसऱ्याला द्यायचे असतील तर फोटो निवडून कंट्रोल-बी दाबा, बॅच प्रोसेसमधून सगळ्यांचे जेपीईजी एकदम निघतात. मंद लॅपटॉपवर ते रात्री लावून द्या, आणि लाइट जाणार असेल तर बॅटरी किती टिकते ते आधी बघा.