मदत हवी आहे: क्षमता दुप्पट झाली, पत्रात ‘रिडबल’ चालेल का?

शिरोलीकर: परदेशी ग्राहकाला आज संध्याकाळपर्यंत पत्र पाठवायचे आहे. दुसरी भट्टी सुरू झाल्यामुळे आमच्या फौंड्रीची क्षमता दुप्पट झाली आहे, हे सांगण्यासाठी मी ‘रिडबल्ड’ लिहिले. परंतु भागीदारांना तो शब्द खटकतो. शब्दकोशात ‘दुप्पट करणे’ असाही अर्थ आहे. मग अडचण काय? कृपया लवकर सांगावे.

मंगळवारपेठकर: भागीदारांचे बरोबर आहे, कारण रिडबल म्हणजे चौपट. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात एका पक्षाने डबल आणि दुसऱ्याने रिडबल म्हटले, की बोलीच्या हातांचे गुण चौपट धरतात. मी अनेक वर्षे ब्रिज खेळत आहे.

निवृत्त शिक्षिका: पत्त्यांचा नियम पत्रव्यवहाराला लावू नये. हा शब्द फ्रेंचमधून आला असून रोजच्या इंग्रजीत तो बहुधा प्रयत्न, निश्चय, उत्साह यांच्यासाठी येतो आणि ‘जोर आणखी वाढवणे’ एवढेच सांगतो. नेमके मोजमाप सांगायचे असेल तेथे साधे ‘डबल’च शोभते. शिरोलीकर, पूर्ण वाक्य आणि आकडे दिल्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

शिरोलीकर: ‘वुई हॅव रिडबल्ड अवर कपॅसिटी बाय टू हंड्रेड पर्सेंट.’ महिन्याला ४० टनांचे ८० टन झाले आहेत.

उद्यमनगरकर: खरी अडचण शब्दात नाही, टक्केवारीत आहे! ४० चे ८० होणे ही १०० टक्के वाढ आहे. २०० टक्के वाढ म्हटल्यास १२० टन होतात आणि ग्राहक तेवढ्या कास्टिंगची मागणी नोंदवून मोकळा होईल.

व्याजवाले काका: पैसे दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील, हे काढण्यासाठी ७२ ला व्याजदराने भागावे. ८ टक्क्यांना सुमारे ९ वर्षे लागतात.

मंगळवारपेठकर: काका, येथे ठेवींचा विषय नाही. ‘टूफोल्ड’ लिहावे, ते भारदस्त वाटते.

निवृत्त शिक्षिका: ‘टूफोल्ड’ चुकीचे नाही, पण पत्र भारदस्त होण्यापेक्षा निःसंदिग्ध होणे महत्त्वाचे आहे. ‘अवर कपॅसिटी हॅज डबल्ड फ्रॉम फॉर्टी टू एटी टन्स अ मंथ’ असे लिहावे आणि टक्केवारी गाळावी. ग्राहक कोणत्या देशाचा आहे?

शिरोलीकर: अमेरिकेचा. त्याने काय फरक पडतो?

उद्यमनगरकर: तेथील टन सुमारे ९०७ किलोंचा असतो. टनापूर्वी ‘मेट्रिक’ अवश्य लिहा.