खिलाफत म्हणजे ‘विरोध’ का हो?

बोरूबहाद्दर: सीरियातलं दमास्कस आणि स्पेनमधलं कोर्दोबा, उमय्यद या अरब राजघराण्याच्या या दोन राजधान्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. शीर्षक दिलं, ‘उमय्यद खिलाफतीचा वारसा’. संपादकबाईंनी लाल रेघ मारून शेरा दिला, “वाचकांना उमय्यदांना केलेला विरोध वाटेल.” खलिफाची सत्ता ती खिलाफत, असं मी शाळेपासून धरून चाललोय. आता काय लिहू? उमय्यद, उमैयद की ओमेयाद हा घोळ वेगळाच.

कानामात्रा: बाई अगदीच चुकल्या नाहीत. ‘पक्षादेशाची खिलाफत केली’ असं हल्ली मराठी बातम्यांतही वाचायला मिळतं, हिंदीची कृपा. खिलाफत चळवळ तुर्कस्तानच्या खलिफासाठी होती, पण आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना ती ‘इंग्रजांची खिलाफत’ वाटायची. मार्क मात्र पूर्ण मिळाले.

जुनंबाड: दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे, ख-ल-फ. मागून गादीवर येतो तो खलिफा. ‘खिलाफ’ म्हणजे विरुद्ध, पण त्याला नुसता ‘त’ चिकटवून विरोध होत नाही. विरोधाला उर्दूत मुखालफत म्हणतात.

शुद्धमराठी: मुळात अरबी शब्द हवाच कशाला? ‘धर्मसत्ता’ लिहा की. महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला होता?

जुनंबाड: त्या कोशाने पेशव्याचा ‘प्रधान’ केला, आणि पुढे शंभर वर्षं लोक पेशवाच म्हणत राहिले. बाकी हा उद्योग उमय्यदांनीही केलाय बरं. अब्द अल-मलिक खलिफाच्या काळात (६८५–७०५) सीरियाच्या दफ्तरातली ग्रीक आणि इराकमधली फारसी काढून अरबी आणली. नाण्यांवरचं राजाचं चित्र गेलं, नुसती अक्षरं राहिली. पण त्या नाण्याचं नाव काय? दिनार, म्हणजे रोमन. चांदीचं दिरहम, ते ग्रीक. आणि दफ्तराला शब्द ‘दीवान’, तो फारसी! आपला दिवाण, दिवाणी दावा, दिवाणखाना तिथलेच. तुमच्या शीर्षकातला ‘वारसा’सुद्धा अरबीच, तो काढणार का?

बोरूबहाद्दर: वारसा राहू दे हो. मला दुसरीच शंका आलीय. ७५० मध्ये अब्बासी घराण्याने उमय्यदांची सत्ता घेतली, उमय्यद राजपुत्र अब्दुर्रहमान निसटला आणि ७५६ मध्ये कोर्दोबाला बसला. पण त्याच्या घराण्यातले लोक ९२९ पर्यंत स्वतःला अमीरच (म्हणजे नुसते सरदार) म्हणवत होते, खलिफा नव्हे. म्हणजे दोन्ही शहरांना मिळून ‘खिलाफत’ म्हणणं तसंही चूकच?

कानामात्रा: ‘राजवट’ लिहून मोकळे व्हा. ‘घराणं’ नको, मला लगेच किराणा आणि ग्वाल्हेर आठवतात.

तापीकाठ: आपल्या बाजूला तेव्हा या लोकांना काय म्हणत, ते कुणीच विचारलं नाही. नवसारीच्या ताम्रपटात (७३८–३९) चालुक्य पुलकेशी अवनिजनाश्रयाने ‘ताजिक’ सैन्य हरवल्याचं लिहिलंय. तिकडे दमास्कसला हिशाम खलिफा होता, म्हणजे हे उमय्यदांचंच सैन्य. ताजिक म्हणजे अरब. तय्य नावाच्या अरब जमातीवरून इराण्यांनी केलेला शब्द. आपला ताजी घोडा तोच.

कानामात्रा: अरे! मी इतकी वर्षं ताजी म्हणजे ताजातवाना घोडा समजत होतो. नुकताच पागेतून काढलेला.

शुद्धमराठी: ताजिक शब्द संस्कृत आहे. आमच्या घरी तीन पिढ्या वर्षफल, म्हणजे वर्षाचं भविष्य, ताजिक ज्योतिषावरून मांडतात.

जुनंबाड: मांडा की. त्याला ताजिक म्हणतात ते अरबांकडून आलं म्हणूनच. त्यातला इत्थशाल हा ग्रहयोग म्हणजे अरबी इत्तिसाल. सहमसुद्धा अरबी, त्याचा अर्थ बाण, वाटा. दर वाढदिवसाला तुमच्या देवघरात अरबी उच्चारलं जातं.

शुद्धमराठी: सहमचं पाहून सांगतो. पण इत्थशालातला ‘शाल’ सरळ संस्कृत दिसतो. शाला, विशाल, तसा.

जुनंबाड: मग ‘इत्थ’ कुठला?

शुद्धमराठी: ‘इत्थम्’.

जुनंबाड: हात टेकले.

बोरूबहाद्दर: मंडळी, लेख सोमवारी द्यायचाय. खिलाफत, राजवट की आणखी काही?

कानामात्रा: शुद्धमराठी, विषय निघालाच आहे तर, यंदाच्या वर्षफलात माझी मुंथा आठव्या स्थानात आहे. कितपत वाईट?