शब्दसंग्रहाची चाचणी: सुटा शब्द विचारावा की वाक्यातून?

साकुरा_पुणे:
मी पुण्यात जपानी भाषेचे प्राथमिक वर्ग घेते. बहुतेक विद्यार्थी जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या एन-५ (सर्वांत सोपा) आणि एन-४ स्तरांची तयारी करत आहेत. वर्गातील चाचणीत मी जपानी शब्द आणि मराठी अर्थ यांच्या जोड्या लावायला देते, आणि त्यात सर्वांना उत्तम गुण पडतात. परंतु तेच शब्द वाक्यातील रिकाम्या जागी भरायला दिले की निम्मा वर्ग अडखळतो. विद्यार्थ्याला शब्द येतो की नाही, हे यांपैकी कोणत्या गुणांवरून ठरवावे?

मुठाकाठी:
वाक्यातल्या. आपण मराठीत शर्ट, बूट, टोपी आणि चश्मा हे सगळे ‘घालतो’. जपानीत मात्र शर्टासाठी किरु, बुटांसाठी हाकु, टोपीसाठी काबुरु आणि चश्म्यासाठी काकेरु अशी निरनिराळी क्रियापदे लागतात. आपल्या यादीत या चारही शब्दांपुढे ‘घालणे’ एवढेच लिहिलेले असेल, तर टोपीला हाकु लावणारा विद्यार्थीही पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल. जेएलपीटीत एन-५ पासूनच रिकाम्या जागा असतात, आणि एन-४ पासून एकच शब्द चार वाक्यांत देऊन तो कोठे योग्य वापरला आहे हेही विचारतात.

जुना_परीक्षक:
वाक्य दिले की चाचणी आपोआप सुधारते, हे मला मान्य नाही. ‘पाऊस पडू लागला म्हणून तिने कासा उघडली’ असे वाक्य देऊन कासाचा अर्थ विचारला, तर तो शब्द कधीही न ऐकलेला मनुष्यसुद्धा ‘छत्री’ हा पर्याय निवडेल. उलट त्याच वाक्यात न शिकवलेली कांजी (जपानीतील चित्राक्षरे) किंवा अनोळखी क्रियारूप आले, तर कासा पाठ असलेल्याचेही गुण जातील आणि आपण समजू की त्याचा शब्दसंग्रह कच्चा आहे. पॉल नेशन आणि डेव्हिड बेग्लर यांनी २००७ मध्ये मांडलेल्या इंग्रजी शब्दसंग्रहाच्या १४० प्रश्नांच्या चाचणीत म्हणूनच प्रत्येक शब्दासोबत अर्थ न फोडणारे छोटे वाक्य आहे. उदाहरणार्थ, ‘त्यांनी ते पाहिले’ यावरून ‘पाहिले’ हे क्रियापद आहे, इतकेच कळते. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेने १९९५ मध्ये सुटे शब्दप्रश्न काढून ते उताऱ्यात नेले, पण तेथे विद्यापीठातील वाचनाची क्षमता पाहायची असते. आपल्याला ती पाहायची आहे का?

साकुरा_पुणे:
नाही, केवळ शब्द पाहायचे आहेत. मग नामांसाठी जोड्या आणि क्रियापदांसाठी वाक्ये, असे केले तर?

जुना_परीक्षक:
चालेल, मात्र पूर्ण वाक्याची गरज नाही. ‘बोशी ओ’ (म्हणजे ‘टोपी’ हे कर्म) आणि पुढे रिकामी जागा, एवढा तुकडा हिरागाना या सोप्या जपानी लिपीत द्यावा. पर्यायांत घालण्याचीच चारही क्रियापदे एकाच रूपात ठेवावीत, कारण शेजारी ‘खाणे’ आणि ‘झोपणे’ ठेवले तर टोपीपुढे काय येणार नाही, हे कोणीही सांगेल.